मधला वार

सहा दिवस मी ठोकतो ते जसं होतं तसं व्हावं म्हणून.
चेपलेला दरवाजा पुन्हा कंपनीतून आल्यासारखा;
मडगार्डवरची रेघ अशी बुजवायची
की विम्याच्या साहेबाने बोट फिरवलं तरी
काही घडलंच नव्हतं असं वाटावं.
सोहारच्या सनायात माझं नाव आहे ते यासाठीच:
बुधाजी गोरिवले, डेंटर, हात साफ.
म्हणजे माझं काम तेव्हाच चांगलं
जेव्हा ते दिसत नाही.

शुक्रवारी मात्र

भंगाराच्या आवारात, मागे, शमीखाली
(इथे तिला घाफ म्हणतात
आणि दसऱ्याला कुणी तिच्याकडे बघत नाही)
एक बेडफर्ड उभी आहे, गोल नाकाची.
खमीसचा बाप तिच्यातून डोंगरात पाणी न्यायचा,
उतरताना सुकी लिंबं.
नंबरप्लेट पोलिसांनी नेली त्याला बारा वर्षं झाली,
इंजिन त्याआधीच विकलेलं.
तेव्हा कुठे जायचं नाही, हे ठरलेलंच आहे.
एवढं ठरलं की हात किती सैल पडतो!

हौद्याला मोडक्या गलबताच्या फळ्या लावल्या, सागवानी.
खिळ्यांची भोकं बुजवू का विचारलं
तर खमीस म्हणाला, राहू दे,
हवा खेळेल.
जाळी केली जुन्या फ्रीजच्या तारांची,
दिव्यांना कुकरच्या झाकणांच्या कडा.
शंबे बलुचने दारावर उंट काढायला घेतला
तो बकरीवर आला.
पुसला नाही. आता ती बकरीच आहे.
तिच्या गळ्यात मी घंटा ठोकून दिली, पितळेची, खरी,
दार उघडलं की वाजते.

रंग विकत आणायचा नाही,
हा नियम कुणी केला आठवत नाही.
डब्यांच्या तळाशी उरतो तोच.
म्हणून छपरावरचं मोतिया पांढरं
लिवाच्या वळणावर उलटलेल्या लेक्ससचं,
बॉनेटवरचा पिवळा शाळेच्या बसचा
(पोरं सुखरूप होती),
आणि हा निळा एका पोराचा, लायसन मिळून तीन दिवस.
ज्याच्या-त्याच्या धडकेतलं थोडं थोडं.
आठवडाभर मी जे लपवतो
ते इथे उन्हात वाळत घातलंय.

खमीस म्हणजे गुरुवार, इथल्या भाषेत.
शंबे म्हणजे शनिवार, त्याच्या.
मी बुधवारचा. आईने नावाचा फार विचार केला नाही.
हे चहा पिताना एकदा ध्यानात आलं
आणि इतके हसलो
की शंबेचा ब्रश बकरीच्या कानाला लागला.
तो कान अजून लांब आहे.
मग मधला वार कुणाचा?
तिघांनीही गाडीकडे पाहिलं.

चहा इंजिनाच्या जागी उकळतो.
तिथे स्टोव्ह छान बसतो, वारा लागत नाही.
बॉनेट वर केलं की वाफ निघते
आणि रस्त्यावरचा एखादा काच खाली करून विचारतो,
गाडी तापली का? पाणी देऊ?
मग त्यालाही एक कप.

असाच एक मस्कतचा, कडक इस्त्रीची दिशदाशा.
भोवती दोनदा फिरला, घंटा वाजवली,
हॉटेलच्या दारात उभी करीन म्हणाला
आणि आकडा बोलला.
मी तो मनातल्या मनात रुपयांत केला.
सवय आहे, थांबवता येत नाही.
घरावरची कौलं, पोरीचं शेवटचं वर्ष, आणि वर उरत होते.
खमीसने माझ्याकडे पाहिलं, शंबेने बकरीकडे.
मीच म्हणालो, अजून झाली नाही.
कधी होईल?
यावर आम्ही खरोखरच विचारात पडलो.

तो गेल्यावर डाव्या मडगार्डवरचा पोचा दिसला,
बापाच्या वेळचा, कुठल्याशा वादीत दगड पडून झालेला.
हात आपसूक हातोडीकडे गेला.
मग थांबून
मी त्यात साखरेचा डबा ठेवून पाहिला.
बरोबर बसतो.