चारशे नव्वद

पडद्यावर सगळं हिरवं.
एकही खांब लाल नाही, एकही तुळई कुरकुरत नाही.
एकशे बारा पानांचा अहवाल
प्रिंटरच्या तोंडातून गरम गरम बाहेर,
आणि मन्मथ चहा सांगायला खाली गेलेला.

मी एक पान उलटं करते.
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं आधी बेरीज.
हाश्मी सरांची सवय ही, औरंगाबादच्या कॉलेजातली:
"यंत्र काय म्हणतं ते नंतर.
आधी सांगा, वजन किती? आणि ते जमिनीला पोचलं का?"
जेवढं वरून खाली, तेवढंच खालून वर.
याहून मोठं काही त्यांनी शिकवलं नाही,
मला पुढे लागलंही नाही.

आठ खांब, ब्रेसिंगच्या तीन फेऱ्या,
भिंत, तळ, घुमट.
काँक्रीट पंचवीसनं गुणायचं, ओठ हलवत,
गंजगोलाईत भाजीचा हिशोब करताना
आई हलवते तसे.
जिन्याच्या तुळईला डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ:
मला बारा, यंत्राला अकरा पूर्णांक सात.
चालतंय. एवढ्यावर आमचं भांडण नाही.

मग पायाशी आलेले आठ आकडे.
यंत्राची बेरीज: सतराशे पन्नास.
माझी: दोन हजार दोनशे चाळीस.

पंख्यानं कागद उडतो. त्यावर मोबाईल ठेवून
पुन्हा करते.
दोन हजार दोनशे चाळीस.

म्हणजे चारशे नव्वद किलोन्यूटन
औसा तालुक्यात कुठेतरी
कशालाही न टेकता हवेत उभे आहेत.

चारशे नव्वद. आकडा ओळखीचा वाटतो,
लग्नात दिसलेल्या माणसासारखा, नाव आठवत नाही.
पन्नास टन.
पन्नास हजार लिटर.
अगं, पाणी!

मन्मथ चहा घेऊन येतो. कागद बघतो. कान लाल.
"पाण्याचा लोड टाकायचा राहिला, म्याडम."
आणि जरा थांबून, हसू दाबत,
"आमच्या गल्लीतली टाकी जल्मापासून बघतोय,
भरलेली कवा दिसलीच नाही."

मला रागवायचं होतं.
पण दहाव्या दिवशी नळ येणाऱ्या गावांतली माणसं आम्ही,
आमच्या डोक्यातली टाकी आपोआप रिकामी असते.
यंत्राला काय?
ते दिलेलं गुणतं,
न दिलेल्याची चौकशी करत नाही.

आणि धक्का बसेल तेव्हा झुलणार ते हेच वजन, वरचं.
माझा जन्म पत्र्याच्या शेडमधला,
भूकंपानंतरच्या उन्हाळ्यातला.
काय झालं ते मला फक्त सांगितलं गेलंय.
पण आमच्या घरात अजूनही
माळ्यावर कुणी जड काही ठेवत नाही.

मन्मथ पाणी भरतो.
एक कळ, आणि पन्नास हजार लिटर. ना टँकर, ना नंबर.
यंत्र क्षणभर गप्प,
मग खांब लाल होत जातात, आठच्या आठ,
आणि का कोण जाणे, आम्हाला दोघांनाही
हायसं वाटतं.

चहावर साय धरलीय.
खांब जाड करायचे, सळ्या वाढवायच्या,
सरपंचांना खर्च वाढला म्हणून फोन करायचा, तो मीच.
त्याआधी नव्यानं बेरीज. माझ्या बाजूला खांबांचं वाढीव वजन धरून.
यंत्राची एकनं जास्त.

"सोड," मी म्हणते, "पूर्णांकात कुठे तरी गेला असेल."

"थांबा की," मन्मथ म्हणतो,
आणि माझ्या हातातली पेन्सिल
काढून घेतो.