दमाचा हिशेब

बस लिम्बर्ट, त्या टायरवर बस. आपी घे, गरम आहे.
तुझी कॅल्डिना पाहिली मी.
जपानात जन्मली, इक्वीकेच्या बंदरात कुणीतरी
उजवीकडचं स्टीअरिंग उपटून डावीकडे शिवलं.
जुन्या जागचं भोक अजून बुजलेलं नाही,
त्यात तू च्युइंगम कोंबलंयस.
अशा गाडीला तू टर्बो मागतोस.

ऐक. हे एल आल्तो आहे, चार हजार मीटर.
परदेशी पाहुणा इथे जिन्यातच बसकण मारतो,
आणि इंजिनही परदेशीच.
कारखान्याने कागदावर शंभर घोडे लिहिले,
इथवर साठ पोचले.
चाळीस कुठल्या वळणावर बसले, देव जाणे.
तुझी चूक नाही. हवाच पातळ, ताकात पाणी घातल्यासारखी.

तर हवा कोंबायची. मार्ग दोन.
सुपरचार्जर पट्ट्यावर चालतो, इंजिनच्याच मनगटावर.
पाय टेकला की लगेच देतो,
पण देण्याआधी स्वतःचा वाटा खातो,
आमच्या गल्लीतल्या ठेकेदारासारखा.
तुझ्या इंजिनाला बसणारा तयार मिळत नाही, घडवावा लागतो.
घडवणारा कोचाबांबात आहे.
आगाऊ पैसे घेतो, मग फोन उचलत नाही.

टर्बो वाया जाणाऱ्या धुरावर जगतो,
म्हणून मला तो आवडतो.
फक्त हाक मारल्यावर उशिरा येतो:
तू पाय दाबून बसलायस, हा अजून चप्पल शोधतोय,
आणि मग येतो तो दार उखडतच.

आता पैसे.
गुरुवारच्या बाजारात जुना टर्बो अठराशेला मिळेल.
डोळे चमकले ना? मिटून घे.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
मॅनिफोल्ड नव्याने जोडायचा, सातशे.
तेल नेणारी नळी, तेल परत आणणारी नळी.
इंटरकूलर, कारण दाबलं की कुणीही तापतं, हवासुद्धा.
मोठे इंजेक्टर. पंप.
जुना कंप्युटर ही हवा ओळखणार नाही,
त्याला शिकवणारा पोरगा तासाचे दीडशे घेतो
आणि तास सावकाश मोजतो.
मग क्लच. बिचारा साठ घोड्यांच्या संसाराला सरावलेला.
नऊ हजार चारशे. हेड गॅस्केट सोडून.
ती आज तू मोजणार नाहीस,
ती स्वतःच मोजून दाखवेल, ला कुम्ब्रेच्या चढावर,
रात्री, सात प्रवासी आणि कोंबड्यांच्या खुराड्यासकट.

गाडी केवढ्याला घेतलीस?
राहू दे, मला माहीत आहे.

तिसरा मार्ग सांगायला लागले
की पोरं वर केबलकार बघत बसतात:
व्हॉल्व्ह साफ कर, टायमिंग थोडं पुढे घे,
टपावरचं कॅरियर काढ, एक प्रवासी कमी घे.
चारशेत होतं.
तूही वरच बघतोयस.

मेव्हण्याने चढावर मागे टाकलं म्हणालास.
हॉर्न वाजवत. मागच्या सीटवर तुझी बायको होती.
त्याचा भाव माझ्या वहीत नाही.

*

रविवारी आला. पाठीवर आईचा आग्वायो,
लाल-जांभळ्या पट्ट्यांच्या कापडात काहीतरी बांधलेलं,
तान्ह्या पोराला आणावं तसं.
बाकावर ठेवून मी गाठ सोडली.
पंख्याला बोट लावलं.
डुलला, म्हाताऱ्याच्या दातासारखा.

‘केवढ्याला?’
‘अकराशे.’
‘परत देऊन ये.’
‘तो घेणार नाही, दोन्या प्रिमितिवा.
त्याच्या दुकानात आज दुसराच माणूस बसलाय.’

मी हसले नाही. हसावंसं खूप वाटलं.
चिंध्या घेतल्या, डिझेल घेतलं,
त्याची काजळी काढत बसले.
वहीत पेन्सिलीने लिहिलं: बेअरिंग संच, साडेतीनशे.
खाली रेघ मारली, मग खोडली.

इंटरकूलर रेडिएटरपुढे आडवा बसतो,
डावा दिवा दोन बोटं सरकवला तर.
हे मी बुधवारीच मोजून ठेवलं होतं,
तो फाटकाबाहेर पडल्या पडल्या.
त्याला काही बोलले नाही.
म्हटलं, कापड घेऊन जा, आई शोधत असेल.