चेंडू कुणाचा

येळ्ळूर रोडच्या मैदानावर, रात्रीच्या लाइटात,
षटकार आला तो सरळ आमच्या अंगावर.
माइकवाल्यानं आधीच सांगितलं होतं,
एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये:
प्रेक्षकांत झेलला तर चेंडू झेलणाऱ्याचा.
पडून घरंगळला तर कुणाचा,
ते दोन्ही भाषांत राहून गेलं.

घरंगळला.
शेंगांची पुडी सांडली, कुणाची चप्पल सुटली,
आणि खुर्चीखाली माझा हात गेला तेव्हा
तिथं आधीच एक हात होता,
लहान, चिक्कीनं चिकट.

मी सोडला नाही.
बावन्न वर्षांचा मी, उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डर,
मनगटात जोर आहे अजून.
पोरगा म्हणाला ‘नंदु’, मी म्हणालो ‘माझा’.
अर्थ एकच. भांडण त्याचंच तर होतं.

त्याची आई त्याला म्हणाली, “बिडो, होगली.”
मागून भरमा म्हणाला, “द्या की गा, पोरगं हाय.”
“खरं आधी मी धरलो,” मी म्हणालो.
हे खोटं. चाळीस जणांनी बघितलं होतं.
कुणी काही बोललं नाही.
जरा सरकून बसले, एवढंच.

मॅच कोण जिंकलं, मला आठवत नाही.

चेंडू आता घरी आहे, टीव्हीशेजारी, वाटीत.
वाटी काढली की घरंगळतो.
एका बाजूला त्याची हिरवी लव
गुळानं चिकटून बसली आहे, चार बोटांएवढी.
मुंग्या येतात.
बायको म्हणते, धुऊन तरी टाका.

मी पाणी लावत नाही.