छाट

कुंभारीच्या घरकुलात स्लॅब रात्री अकरालाही तापलेला.
लॅपटॉपखाली टर्किश टॉवेलाची घडी,
अम्माच्या मांडीवर सूप,
माझ्या पडद्यावर चाळीस बायकांचा हिशेब:
दिलेलं पान, आणलेल्या बिड्या,
छाट,
हातात पडलेले पैसे.
साधं काम. सहायकाला म्हटलं, लिही.

लिहू लागला. पाठांतर झालेल्या पोरासारखा, भराभर,
एकोणीस ओळी.
विसाव्या ओळीत त्यानं कंस उघडला
आणि सगळं पुसून टाकलं,
उघडलेल्या कंसासकट.
त्या जागी इस्त्रीचं एक वाक्य:
या विनंतीत मी मदत करू शकत नाही.

तंबाखू काढला. नाही.
'शिक्का मारा' होतं, ते 'शिक्का लावा' केलं. नाही.
पान काढलं, दोरा काढला, कात्री तर आधीच काढली होती.
मग अम्माचंच नाव काढून बघितलं.
लाज वाटली, पण काढलं.
नरसव्वा गुंडेटी यादीतून गेली
तरी नाहीच.

"एमैंदी?" अम्मा म्हणाली, सुपातून मान न काढता.
"छाटलं," मी म्हटलं.

हसली. बोटं थांबली नाहीत तिची, ती कधीच थांबत नाहीत.
"आमचा चेकर जुडी अंगठ्यानं दाबतो,
कानाशी धरून खुळखुळवतो,
मूठभर बाजूला सारतो.
भांडलं तर एक तरी बिडी नाकासमोर धरतो,
हे बघ पान फाटलं, हे बघ तोंड मिटलं नाही.
खोटं असतंय पुष्कळदा.
पण दाखवतो.
तुझा दाखवत नाही काय?"

दाखवत नाही.

तसं त्याला सरसकट चूक म्हणवत नाही मला.
कुणीतरी कुठंतरी गार खोलीत बसून
चांगल्या मनानंच ठरवलं असेल, हा विषय नको.
अम्माचा पहाटेचा खोकला त्याला ऐकवला असता
तर म्हणाला असता, बघा, म्हणूनच.
पण मी धूर मागत नव्हते रे बाबा.
हजारातून किती कापले
एवढंच मोज म्हणत होते.

दीड वाजता मी बिडीचं फूल केलं.
तंबाखूची माती.
छाटीला लिहिलं 'गळलेली',
चेकरला 'वारा'.
एका दमात लिहून दिलं त्यानं सगळं,
वर शाबासकी: बागेसाठी छान कल्पना!
बेरजा बरोबर. वजाबाक्या तर फारच बरोबर.

सकाळी ओट्यावर दुर्गव्वा मोबाईल लांब धरून वाचत होती:
फुलं हजार. वाऱ्यानं गळलेली ऐंशी.
"वारा कुठला गं? तो मेला हणमंतू!"
सगळ्या हसल्या.
मग तिनं पुन्हा वाचलं, ऐंशी,
आणि ओट्यावर कुणी काही बोललं नाही.
कंपनीला हा कागद दाखवायचा कसा?
आमची फुलं कापली म्हणून?

अम्मा दोरा तोडत म्हणाली,
"छाट फेकून देतात वाटलं काय तुला?
वेगळ्या पोत्यात भरतात.
आम्हाला पैसा नाही तिचा,
पण विकली जाते ती."

तेव्हापासून ती विसावी ओळ डोक्यातून जात नाही.
कुठल्या पोत्यात पडली असेल?
अशा किती जणींच्या ओळी तिथं असतील,
तोंड न मिटलेल्या,
आणि ते पोतं शेवटी कुणाच्या दुकानात जातं?

अम्माच्या जुन्या बिडी-कार्डाच्या पाठीमागं
थोडी जागा होती कोरी.
पेन्सिलीला थुंकी लावून ओळ लिहिली,
शब्द आहे तसा,
बिडी,
पुढं कंस उघडला
आणि पलीकडं काय होतं ते आठवत
बसले.