बाप तीनदा मेला त्या सिनेमाबद्दल

पंचाहत्तर साली वेंगुर्ल्याला एक युनिट उतरलं.
एक कॅमेरा, सहा माणसं, एक हिरॉईन
आणि तिच्याहून मोठी तिच्या विगांची पेटी.
सिनेमा चरस ओढणाऱ्या पोरांवर होता.
चरस त्यांच्यातल्या कुणी पाहिला असेल असं वाटत नाही.
डायरेक्टर दुपारी दोन वाट्या सोलकढी पिऊन
आमच्या पडवीत गाढ झोपायचा.

नशा दाखवायला त्यांच्याकडे एवढंच:
काचेची थाळी, खोबरेल तेल
आणि शाळेच्या मास्तरांकडून मागून आणलेली
लाल-निळी शाई.
इनास डिसोजा भिंगापुढे थाळी धरायचा,
जरा कलती करायचा,
आणि पलीकडे आमचं बंदर वितळू लागायचं.
डोलकाठ्या, जाळी, वाळत घातलेले बांगडे,
सगळं जांभळं.

माझा बाप, सगुण तांडेल, प्रेत झाला.
रोज पंधरा रुपये, होडीचे वेगळे.
वाळूत उताणं पडायचं, बस्स.
पण ऊन डोळ्यांवर आलं, कुर्ली पोटरीवर चढली,
आणि पापणी हलली.
पुन्हा घ्यायचं तर फिल्म नव्हती.
डायरेक्टर म्हणाला, असू दे,
नशेत प्रेतंसुद्धा डोळा मारतात.

पैसेच नव्हते, म्हणून तेच प्रेत तीनदा वापरलं.
एकदा सरळ.
एकदा शाईत बुडवून.
एकदा उलटं, वर समुद्र, खाली आभाळ,
आणि मध्ये लोंबणारा माझा बाप.

जत्रेच्या माळावर तंबू लागला तेव्हा मी अकराचा.
बाहेर पाटी, फक्त प्रौढांसाठी.
इनास आता मशीनवर होता,
मी त्याच्या कार्बनच्या कांड्या धरून आत.
पापणी हलली तशी
बायकांच्या बाजूने द्वारका खोबरेकर किंचाळली,
"हललो गो! सगुण हललो! मेलोच नाय तो!"
तिसऱ्या खेपेला तर सगळा तंबू टाळ्या वाजवत होता
आणि पुढे जमिनीवर बसलेला बाप
विझलेली विडी ओढत होता.

शेवटचं रीळ आलंच नाही,
एस्टीत कुठे राहिलं देव जाणे.
इनासने कुटुंब नियोजनाचं सरकारी रीळ चढवलं.
कड्यावरून उडी मारलेली हिरॉईन
थेट लाल त्रिकोणात पडली, असं आम्ही धरून चाललो.
कुणी पैसे परत मागितले नाहीत.

चांगला होता असं मी म्हणत नाही.
भिकार होता. ओठ मिटल्यावर आवाज यायचा.
पुढे पुण्यात, गार हॉलमध्ये, खरे थोर सिनेमे पाहिले,
प्रकाश कसा, जसा तोळ्यावर मोजून घेतलेला.
त्यांत एक मुंगी चुकून चालत नव्हती.
मी आपला कोपऱ्यात कुर्ली शोधत राहायचो.
पदरी पैसा नसला की काय काय आत शिरतं:
शाळेची घंटा, कावळा,
हिरॉईन विष पिताना
पाठीमागे सुरमईचा भाव करणारी द्वारका.

बाप खरा गेला तो मे महिन्यात. एकदाच.
खळ्यात उताणा ठेवला होता, ऊन डोळ्यांवर.
मी पापणीकडे बघत होतो.
मग लक्षात आलं, सगळेच बघतायत.
द्वारका तोंडात पदर कोंबून उभी होती,
काही ओरडली नाही.

परवा जेटीवर ट्रॉलरचं डिझेल सांडलं.
पाण्यावर रंग फिरत होते, लाल, निळा, पुन्हा लाल.
इनास, ऐंशी वर्षांचा, काठी टेकून बराच वेळ बघत राहिला
आणि थुंकून म्हणाला,
"छे. आमची थाळी बरी होती."