पाचर

रविवारी सहाला नवलख्यावरून बस,
सिमरोलच्या पुढे, घाट उतरायच्या आधी उतरायचं.
आम्ही कधी नऊ, कधी तेरा,
एकदा गारठ्यापायी तिघंच.
दोन गैंत्या, एक पहार, चार तगाऱ्या.
(घमेलं हा शब्द इंदुरात रुजता रुजता
आमच्या घरातून कधी सांडला, कळलं नाही.)
हत्यारं सियागंजच्या हकीमुद्दीनभाईंची.
ते स्वतः येत नाहीत, गुडघे नाही म्हणतात,
पण दर सोमवारी विचारतात, कुठवर आली?
जणू वाट म्हणजे
माहेरपणाला निघालेली मुलगी.

मी लोकनिर्माण विभागात ट्रेसर होते.
तेहेतीस वर्षं वाकून
काळ्या शाईनं रस्ते काढले,
खरगोनचे, धारचे, पार अलिराजपुरापर्यंत.
एकावरही चालले नाही.
आता ही एकच:
रुंदी कुदळीच्या दांड्याएवढी,
लांबी विचारू नका,
ती दर भाद्रपदात बदलते.

तिसऱ्या वळणाशी वाहून जायची.
आम्ही दगड रचायचो,
पाणी ते उचलून खालच्या शेतात नेऊन ठेवायचं.
ज्याच्या शेतात ते जायचे
तो रुमाल गिरवाल एकदा वर चढून आला.
आम्हाला वाटलं, आता भांडण.
तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला,
विडी विझली तरी ओठात तशीच.
मग म्हणाला,
पाणी आधीपासून जातं इथून.
तुम्ही नंतर आलात.

त्या दिवशी वाटेला आडवी, तिरकी चर खणली.
तळाशी चपटे दगड, उतार बोटभर.
पाण्याला आधी जाऊ दिलं.
मग आमचं वळण टिकलं.

पायऱ्या बसवायचे रेगे.
विमा कंपनीतून निवृत्त, हात मात्र पाथरवटाचे.
दगडाला म्हणायचे, जरा सरकून घे रे.
आणि तो घ्यायचा.
फक्त सतरावी पायरी डुगडुगत राहिली.
पुढच्या रविवारी पाचर घालू, म्हणाले.
मार्चमध्ये म्हणाले होते.
एप्रिलमध्ये आम्ही त्यांच्याशिवाय
घाणेरी तोडायला गेलो.

शरयू मतकरी म्हणाली, नावाची पाटी लावू.
निमिष म्हणाला, पाटी लावली
की लोक पाटीपर्यंत येतात, फोटो काढतात, परततात.
वाद बसमध्ये चढला आणि नवलख्याला उतरून गेला.
तोवर सतराव्या पायरीवर जो तो लडखडायचा
आणि म्हणायचा, रेगे!
ज्यांनी त्यांना पाहिलंही नव्हतं
तेही म्हणू लागले.
मला वाटायचं, राहू द्यावी.
मग वाटायचं, कुणाचा पाय मुरगळला तर
रेगे काय म्हणतील.

बुधवारी घरी सांगितलं, बँकेत जाते.
पर्समध्ये पासबुकाशेजारी
छिन्नीनं तासलेली काळ्या दगडाची पाचर,
चार रात्री गॅलरीत बसून केलेली, जरा ओबडधोबड.
आपल्या भाषेत पाचर मारायची
ती दुसऱ्याचं काम अडवायला.
डोंगरावर उलटं,
पाचर बसली की वाट चालू होते.

पळसाखालून वर आले. चौदा, पंधरा, सोळा.
सतराव्यावर पाय ठेवला, तोल सावरायला हात पसरले,
आणि पायरी हललीच नाही.

वाकून पाहिलं.
खालच्या फटीत कौलाचा तुकडा,
जुन्या घरावरचं कौल, एका बाजूला धुराचं काळं,
नेमक्या कोनात ठोकलेलं.
आजूबाजूला शेळ्यांच्या लेंड्या, ताज्या.
माणूस नाही.

मी बसले तिथेच.
रेगे, असं म्हणून पाहिलं,
पण न लडखडता ते नीट येईना तोंडात.
पर्समधली पाचर काढली, हातात फिरवली,
परत ठेवली.

वर अजून सहा पायऱ्या बाकी आहेत.
त्यातली एखादी हलेल.