बर्फ बघायला

वहीच्या मागच्या पानावर निदाने डोंगर काढलाय.
तीन शेंडे, तिन्हींना पांढऱ्या टोप्या,
खाली लिहिलंय: रोहतांग, तेरा हजार फूट.
मी विचारलं, आपला मिरकरवाडा किती फूट?
म्हणाली, अब्बा, ओहोटीला एक, भरतीला शून्य.

तेवीस वर्षं मी बर्फाच्या कारखान्यात आहे.
डबे मिठाच्या पाण्यात सोडतो,
दीड दिवसाने वर काढतो,
साध्या पाण्यात बुडवले की लादी सुळकन सुटते
नुकत्या जन्मलेल्या रेडकासारखी, अंगातून वाफ सोडत.
आकडा लावायचा, ओढायची, क्रशरच्या तोंडी द्यायची.
रात्री दोनला बोटी लागतात धक्क्याला.
बांगड्याला बर्फ, सुरमईला बर्फ,
कोळंबीला सगळ्यात जास्त, नखरेवाली.
आणि पोरगी विचारते,
अब्बा, तुम्ही बर्फ बघितलाय कधी?

शमीमने तांदळाचं सूप बाजूला सारलं,
कॅलेंडर भिंतीवरून काढून चटईवर ठेवलं.
मे महिन्यात शेठ रजा देत नाही.
एक जूनला मासेमारी बंद, कारखाना बंद, मी मोकळा.
पंधराला निदाची शाळा.
जुलैत तिकडचे रस्ते म्हणे वाहून जातात.
म्हणजे मधले तेरा दिवस.
जाऊन येऊन पाच दिवस गाडीतच, शमीमने बोटांवर मोजलं,
एक दिवस दिल्लीत तुमच्या मावसभावाकडे,
नाही गेलो तर जन्मभर ऐकवेल.
उरले सात.
सातांत एक दिवस कुणीतरी आजारी पडणारच, ती म्हणाली,
तो आत्ताच धरून ठेवा.

घरात स्वेटर नाही.
होता एक, निदाच्या वेळी नणंदेने विणलेला,
तो सध्या कोंबडीच्या पिल्लांखाली आहे.
बँकेतले शिरगुप्पेसाहेब निपाणीचे,
त्यांनी दोन स्वेटर दिले, डांबरगोळ्यांसकट.
तुम्ही तुमचं कारखान्यातलं जाकीट घाला, शमीम म्हणाली.
अगं, त्याला अमोनियाचा वास,
पनवेलच्या आत डबा रिकामा होईल.
मग चांगलंच की, पाय पसरून झोपू.

वर कोट-बूट भाड्याने मिळतात म्हणे.
निदाला गुलाबी कोट हवा.
शमीमला विचारलं, तुला काय हवं?
ती कोळंबी सोलत होती. वर न बघता म्हणाली,
सात दिवस कुणीतरी चहा करून हातात द्यायला हवं.
ते खर्चात कुठे लिहू, मला कळेना.

रात्रपाळीला तुका डोर्लेकरला सांगितलं.
तो गोणपाटावर बसून बिडी शोधत होता.
तिकडचा बर्फ फोडतं कोण?
कुणी नाही. नुसता पडून असतो.
आणि वितळला की?
नदी होते.
तुका बराच वेळ गप्प.
कॉम्प्रेसर धडधडत होता, बाहेर कुणाची तरी बोट हॉर्न देत होती.
मग म्हणाला, म्हणजे फुकटच जातो की रे सगळा.

त्या रात्री मी एक लादी जरा उशिरा फोडली.
कड काचेसारखी, आरपार,
मधोमध पांढरा पट्टा, हवा अडकलेली.
ग्राहक म्हणतो, हा कच्चा बर्फ, भाव कमी कर.
तेवढाच पांढरा, पण मैलभर,
वर कुणाचा हिशेब नाही.
असं डोळ्यांपुढे आणायला गेलो,
आकडा हातातून निसटला, बोट थोडक्यात वाचलं.

तिकिटं काढली. वेटिंग एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.
काल चौतीसवर आलं.
शमीम रोज सकाळी विचारते, जसा बाजारात पापलेटचा भाव विचारावा.

निदाने डोंगरावर आता माणसं काढलीत.
गुलाबी कोटातली छोटी, ओढणीवाली उंच,
आणि जरा बाजूला एक जाडा, हातात आकडा.
हा मी का? आकडा पूस गो,
रजेवर आहे मी.
तिने पुसला.
हात मात्र तसाच वाकडा राहिला.
खोडरबराचा चुरा पडला डोंगरभर,
फुंकर मारायला मी वाकलो तर म्हणाली,
राहू द्या अब्बा, तो बर्फ आहे.